फायली उघडेनाशा झाल्या तर: दुरुस्तीला हात घालण्याआधीची तयारी

साताऱ्याहून आत्याचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. "अरे, स्क्रीनवरची सगळी चित्रं एकसारखी झालीत. कशावरही क्लिक केलं की नोटपॅड उघडतंय आणि आत नुसती गिचमीड. ह्यांचे फोटो गेले का रे सगळे?" काकांना जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्यांचे फोटो त्या एकाच कॉम्प्युटरवर होते.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. विंडोज ७ होतं. कुणीतरी डेस्कटॉपवरचा एक शॉर्टकट 'ओपन विथ' करून नोटपॅडने उघडला होता आणि 'नेहमी हाच प्रोग्राम वापरा' या चौकटीतली खूण तशीच राहू दिली होती. शॉर्टकट ही डॉट एलएनके जातीची छोटीशी फाइल असते. एकाला लागलेला नियम जातीतल्या सगळ्यांना लागला. काकांचा एकही फोटो जागचा हलला नव्हता. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून आलेल्या चौकटीत regedit लिहिलं, रजिस्ट्री (विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची नोंदवही) बदलण्याचा रजिस्ट्री एडिटर उघडला, डॉट एलएनकेच्या नावाखालची 'युजरचॉइस' ही नोंद काढली, लॉग-ऑफ करून परत आत आलो. सगळी चित्रं जागच्या जागी होती. काम पाच मिनिटांचं होतं. पण त्याआधीचा एक तास मी फक्त फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवण्यात घालवला, आणि आजही तसाच घालवीन.

कारण आमच्या घरी एकदा याच्या उलट झालं होतं. वर्डच्या फायली उघडेनात म्हणून कॉम्प्युटर एका दुकानात दिला आणि तिथे न विचारता फॉरमॅट मारला गेला. आईने श्रीलिपीत टाइप करून ठेवलेल्या आजीच्या ओव्या त्यात गेल्या. फायली धड होत्या, त्या कशाने उघडायच्या एवढीच नोंद बिघडली होती. म्हणून सांगतो, या दुखण्यात दुरुस्ती सोपी असते, घाईच घात करते.

पहिली तयारी समजुतीची. फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जे येतं, डॉट पीडीएफ, डॉट जेपीजी, डॉट डॉकएक्स, त्यावरून विंडोज ठरवतं की ही कुठल्या प्रोग्रामच्या हाती द्यायची. ही नेमणूक रजिस्ट्रीत दोन ठिकाणी लिहिलेली असते: एक नोंद सगळ्या मशीनसाठी, दुसरी प्रत्येक युजरच्या खात्यापुरती. दोन्हींत फरक पडला तर युजरची चालते. विंडोज ८ पासून, म्हणजे 2012 पासून, युजरच्या त्या नोंदीसोबत पडताळणीचा एक सांकेतिक आकडाही ठेवला जातो. एखाद्या प्रोग्रामने परस्पर नोंद बदलली तर आकडा जुळत नाही आणि विंडोज तो बदल मानत नाही. म्हणून विंडोज १० आणि ११ वर रजिस्ट्रीत हाताने नवं नाव लिहून काही साधत नाही. बदल सेटिंग्जमधून किंवा 'ओपन विथ'मधूनच करायचा.

आता कॉम्प्युटरपुढे बसा आणि आधी फायलींची पूर्ण नावं दिसतील असं करा. विंडोज टिंबानंतरचा भाग मुळात लपवून ठेवतं. विंडोज १० मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' पट्टीत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' अशी चौकट आहे. ११ मध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग तीच ओळ. ही खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. 4 मे 2000 या दिवशी जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस याच लपवाछपवीवर पोसला गेला होता. प्रेमपत्राच्या नावाच्या शेवटी लोकांना डॉट टीएक्सटी दिसत होतं, खरं शेपूट त्यापुढे होतं, डॉट व्हीबीएस, आणि ते लपलेलं होतं. तेव्हा पत्रिका, बिल, नोटीस अशा नावाच्या फाइलला दोन टिंबं असतील आणि शेवटचं डॉट ईएक्सई असेल, तर ती 'उघडत नाही' हे तुमचं सुदैव समजा आणि तिथेच थांबा.

पूर्ण नाव दिसू लागलं की एक मोह होतो, नावातलं शेपूटच बदलून बघण्याचा. तो टाळा. पेढ्यांच्या खोक्यावर बर्फीची चिठ्ठी चिकटवली तर आत पेढेच राहतात. आत नक्की काय आहे हे बघायची साधी सोय आहे. फाइलची एक कॉपी करा, ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त अगदी सुरुवातीची अक्षरं वाचा. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने होते आणि लगेच पी, डी, एफ ही अक्षरं असतात. झिप फाइल पी आणि के या दोन अक्षरांनी सुरू होते, आणि 2007 पासूनच्या नव्या प्रकारच्या (डॉट डॉकएक्स, डॉट एक्सएलएसएक्स) वर्ड-एक्सेलच्या फायलीही मुळात झिपच असल्याने त्यांच्याही डोक्यावर हेच पीके दिसतं. बाकीची गिचमीड वाचायची नसते. बंद करताना 'सेव्ह करू का' असं विचारलं तर नाही म्हणा, आणि या वेळी 'ओपन विथ'मध्ये 'फक्त एकदाच' हेच निवडा, नाहीतर आत्याच्या शॉर्टकटसारखी गत होईल. पीडीएफच्या सुरुवातीला तीन अक्षरांऐवजी वेब पेजचा कोड दिसला तर डाउनलोडच चुकलंय. फाइल पुन्हा उतरवा, प्रोग्रामच्या नेमणुकीचा त्यात काही दोष नाही.

मराठी घरांत याच जागी आणखी एक फसगत होते. जुनी वर्डची फाइल उघडते, पण आत देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. लोक म्हणतात फाइल बिघडली. तसं नसतं. ती श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा, युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये लिहिलेली असते आणि तो फॉन्ट या मशीनवर नसतो. आयफोनवरून आलेले डॉट एचईआयसी फोटोही असेच: 2017 मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून बहुतेक आयफोन मुळात याच प्रकारात फोटो काढतात, आणि विंडोजला त्यासाठी बहुधा वेगळी जोड बसवावी लागते. प्रोग्राम बरोबर नेमलेला असतो, त्याला ती भाषा येत नसते एवढंच.

यानंतर वही घ्या. खरोखरची, कागदाची, कारण कॉम्प्युटरवर लिहिलेलं ऐन वेळी उघडलं नाही तर काय कराल? डाव्या बाजूला न उघडणाऱ्या फायलींचं शेपूट लिहा, त्यापुढे आता काय होतं (नोटपॅड उघडतं, 'कशाने उघडू' असं विचारतं, काहीच होत नाही), आणि शेवटी पूर्वी ती कशात उघडायची. दुखणं कधीपासून आहे आणि त्याच्या आदल्या दिवसांत नवं काय बसवलं, काय काढलं, हेही आठवून लिहा. घरातल्या सगळ्यांना विचारा, पण रागावून विचारू नका. मुलं खरं सांगतात ती ओरडा बसणार नसेल तेव्हाच. बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं: कुणीतरी फुकटचा पीडीएफ रीडर किंवा व्हिडिओ प्लेयर टाकला, त्याने सगळ्या जाती आपल्याकडे ओढल्या, मग तो काढून टाकला आणि फायली पोरक्या झाल्या. स्क्रीनवर येणाऱ्या प्रत्येक संदेशाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. 'डिफॉल्ट अ‍ॅप्स'च्या पानाचेही (ते सेटिंग्जमध्ये मिळतं) फोटो काढा. परतीचा रस्ता त्यावरूनच सापडेल.

मग एक चाचणी, जी फार थोडे लोक करतात आणि जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. कॉम्प्युटरवर दुसरं युजर खातं उघडा आणि त्यातून त्याच जातीची फाइल उघडून बघा. तिथे नीट उघडली तर बिघाड तुमच्या खात्यापुरता आहे, विंडोज पुन्हा टाकायची काहीही गरज नाही. तिथेही अडली तर प्रोग्रामच मोडलेला आहे किंवा मशीनभरची नोंद गेली आहे, आणि तो प्रोग्राम काढून पुन्हा बसवणं हा सरळ उपाय. त्यासाठी त्याची इन्स्टॉलर फाइल, लायसन्सची की, ज्या खात्यावर तो विकत घेतला त्याचा पासवर्ड हे सगळं आधी हाताशी हवं. ऑफिसची की वडिलांच्या जुन्या ईमेलवर असते आणि तो ईमेल कुणाला आठवत नाही, असं किती घरांत पाहिलं आहे. काढण्याआधी शोधा.

आता बॅकअप. 'माय डॉक्युमेंट्स' घेतलं की झालं असं समजू नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डी ड्राइव्हवरचे फोल्डर आणि जुन्या मराठी फायली असतील तर फॉन्ट्सही घ्या. बाहेरच्या डिस्कवर उतरवल्यावर त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा, मगच डिस्क काढून बाजूला ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वीज जाण्याचा वार आणि वेळ टाळा.

रिस्टोअर पॉइंट तयार करा. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असं शोधलं की खिडकी येते. तिथे सी ड्राइव्हपुढे 'ऑफ' लिहिलेलं असेल तर आधी ते चालू करावं लागेल. याने तुमच्या फोटोंचा बॅकअप होत नाही, फक्त विंडोजची घडी जपली जाते. रजिस्ट्रीत काही काढायची वेळ आलीच, तर ती नोंद राइट-क्लिक करून आधी 'एक्स्पोर्ट' करा.

आणि एक गोष्ट लाल शाईने लिहा: बिटलॉकरची रिकव्हरी की. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या भरात तुम्ही रिकव्हरीच्या पडद्यावर गेलात की ते 48 आकडी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती बहुधा साठवलेली असते. ती आजच, कॉम्प्युटर चालू असताना, बघून वहीत उतरवा आणि वही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

काय आणायचं नाही तेही तयारीतच येतं. नेटवर 'फाइल उघडत नाही' असं शोधलं की रजिस्ट्री साफ करणाऱ्या, एका क्लिकमध्ये सगळं जुळवणाऱ्या साधनांची रांग लागते. एकही उतरवू नका. फोनवरून 'आम्ही दुरुस्त करून देतो' म्हणत स्क्रीन शेअर करायला सांगणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. जे हवं ते सगळं विंडोजमध्ये आहे.

पीडीएफ कुणाकडे सोपवायची हे आधीच ठरवा, कारण इथे 'कशानेही उघडलं तरी चालेल' असं नसतं. सातबारा किंवा आधारची उतरवलेली प्रत नुसती वाचायची असेल तर ब्राउझर पुरतो. तिच्यावरची डिजिटल सही तपासायची असेल तर अ‍ॅडोबी रीडर लागतो. परदेशी व्हिसाचे काही फॉर्म, कॅनडाचे तर हमखास, क्रोम किंवा एजमध्ये 'कृपया थांबा' एवढंच दाखवत बसतात. आई-वडील तासभर थांबतात, मुलाला फोन करतात. फॉर्म चांगलाच असतो. तो कॉम्प्युटरवर सेव्ह करून अ‍ॅडोबी रीडरनेच उघडायचा असतो.

डॉट ईएक्सई म्हणजे प्रोग्रामच उघडेनासे झाले असतील तर मात्र ही साधी नेमणुकीची चूक समजू नका. असं व्हायरसमुळे होऊ शकतं. इंटरनेट काढा, त्या मशीनवर बँकेचं काम बंद करा, पेनड्राइव्ह लावून दुसरीकडे नेऊ नका. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये स्कॅनच्या पर्यायांत डिफेंडरची ऑफलाइन तपासणी आहे. ती कॉम्प्युटर रीस्टार्ट करून साधारण पंधरा मिनिटांत होते. आधी ती, मग बाकीचं.

एवढं झालं की प्रत्यक्ष काम उरतं ते थोडं. वहीतली पहिली ओळ घ्या. त्या जातीच्या एका फाइलवर राइट-क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर अ‍ॅप', हवा तो प्रोग्राम, आणि ११ मध्ये 'ऑलवेज', १० मध्ये खालच्या चौकटीत खूण. प्रोग्राम यादीत नसेल तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स या वाटेने जा. तिथेच सगळं एकदम मूळ स्थितीला नेणारं 'रीसेट'ही आहे, पण ते तुम्ही वर्षानुवर्षे लावलेली चांगली घडीसुद्धा मोडतं, ब्राउझर एजकडे जातो, फोटो मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅपकडे. दहा-बारा जाती बिघडल्या असतील तरच त्याच्या वाटेला जा. नाहीतर एकेक ओळ घ्या, डबल-क्लिक करून बघा, वहीत बरोबरची खूण करा, मग पुढची. सगळ्या ओळी संपल्या की कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि प्रत्येक जातीची एकेक फाइल पुन्हा उघडून बघा. बाहेरची डिस्क लगेच पुसू नका. पंधरा दिवस तशीच कपाटात राहू दे.