बेणारे आधी एवढी हसते का?

एस.वाय.ला विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ नेमलेलं होतं. परीक्षेआधी गाईडमधलं कथानक पाठ केलं आणि ‘लीला बेणारेचे व्यक्तिचित्रण करा’ या प्रश्नावर अडीच पानं लिहिली. दहापैकी तीन मिळाले. बाईंनी समासात लिहिलं होतं, "घडलं काय ते कळलं. ती असं का वागते?" मला रागच आला. नाटकात ते कुठं लिहिलंय?

लिहिलेलं असतं, पण भलत्याच जागी. म्हणून नव्यांना सांगते, पहिलं वाचन एका बैठकीत उरका, शेवट कळू दे. मग पहिल्या अंकाकडे परत या आणि वहीत टिपत जा, या क्षणी कुणाला काय माहीत आहे.

शहरातली एक हौशी नाटकमंडळी खोट्या कोर्टाचा प्रयोग करायला एका गावात आलीय. त्यातली शिक्षिका बेणारे गावातल्या सामंतबरोबर सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये येते, हसते, गुणगुणते, आपल्याच मंडळींची टर उडवते. पहिल्या वाचनात ती मला नुसती खेळकर वाटली. पण तिला दिवस गेलेत, त्या मुलाचे वडील, मंडळीतलेच प्रोफेसर दामले, यांनी हात वर केलेत, हे माहीत असताना तीच पानं वाचा. ते हसू ऐकवत नाही.

त्या टवाळीतच बाकीच्यांचीही किल्ली आहे. सुखात्मे वकील, पण अशील फिरकत नाहीत. पोंक्षे शास्त्रज्ञाचा आव आणतो, पण इंटरला नापास. काशीकरांना मूल नाही. मुलं ‘पुरुषप्रधान समाज’ एवढं लिहून मोकळी होतात. चूक नाही, पण मग मिसेस काशीकर सगळ्यांत जास्त का तुटून पडतात? मला वाटतं, बाहेर हरलेल्या या लोकांना कोर्टात फुकट पद मिळतं, आणि ते त्यांना सोडवत नाही.

घटनाक्रमही नीट लावा, इथेच मार्क जातात. रात्रीचा खरा प्रयोग अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरच्या अण्वस्त्रांच्या खटल्याचा. नवख्या सामंतला कोर्ट कळावं म्हणून दुपारी हा लुटुपुटीचा खटला, आणि आरोपी ठरते बेणारे, ती आत गेलेली असताना. आरोप भ्रूणहत्येचा. शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करायचा! हे दोन्ही शेजारी ठेवले की वेगळं विवेचन लागतच नाही. दाराच्या त्रासदायक कडीचं बोलणं सुरुवातीलाच येतं. मी ते वगळून पुढे गेले होते. नंतर बेणारे निघू पाहते तेव्हा त्याच कडीनं दार अडकतं.

आणि तिच्या लांबलचक स्वगताला ‘कोर्टापुढची कबुली’ म्हणू नका. तेव्हा बाकीचे सगळे थिजलेले असतात. ते फक्त आपण ऐकतो. मी नेमकं हेच चुकीचं लिहिलं होतं.

सामंतनं पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट तो शेवटी तिच्याजवळ ठेवून जातो. त्याला तिची दया येते की त्याला काहीच कळलेलं नसतं, यावर वर्गात आमची तासभर भांडणं झाली. माझं मत अजूनही दर वाचनाला बदलतं.