वर्दी उतरवलेल्या जवानाला सातपुड्याच्या वणव्यासाठी तयार करताना

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, धडगाव या पट्ट्यात फौजेतून परतलेली बरीच माणसं आहेत आणि वरच्या अंगाला दर उन्हाळ्यात सातपुडा पेटतो. ही माणसं वणव्याच्या कामाला उत्तम ठरतात, पण नुसतं ‘जवान आहे, करील’ म्हणून डोंगरावर पाठवणं धोक्याचं आहे. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. त्यामुळे प्रशिक्षण दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारी उजाडायच्या आत संपवायचं. एका तुकडीत १० ते १२ जण ठेवा, त्याहून जास्त माणसांवर एका प्रशिक्षकाची नजर राहत नाही.

निवडीत वयापेक्षा गुडघे, रक्तदाब आणि दमा पाहा. वनरक्षक भरतीत पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर चालावं लागतं, तीच कसोटी घ्या, मात्र डोंगरवाटेवर आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतर. निवृत्तीला ५-७ वर्षं झाली असतील तर आधी सहा आठवडे चढाचा सराव द्या.

नकाशा, होकायंत्र, वायरलेसवर मोजकं बोलणं, जोडीदाराला न सोडणं, रात्रीचा पहारा हे जवानाला शिकवावं लागत नाही. फक्त त्याच्या जिभेवर ग्रिड रेफरन्स (लष्करी नकाशावरच्या चौकटींचे आकडे) असतो आणि वन विभाग कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्याचा नंबर) व अक्षांश-रेखांशात बोलतो. पहिल्या दोन दिवसांत बीटचा, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीचा, नकाशा हातात देऊन ही सवय बदलून घ्या. भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून येणारा आगीचा संदेशही अक्षांश-रेखांशातच येतो. त्यातला एक ठिपका म्हणजे सुमारे ३७५ मीटरचा चौकोन, जुन्या संवेदकाचा असेल तर १ किलोमीटरचा. नेमकी आग त्या ठिपक्यावरच सापडेल असं धरू नका. दोन फेऱ्यांच्या मधे लागून विझलेली आग तर उपग्रहाला दिसतच नाही, म्हणून टेकडीवरचा पाळतीचा माणूस लागतोच.

मुळातून सोडवायची सवय मात्र एकच, पण ती हाडात मुरलेली असते: समोरून भिडण्याची. वणव्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नसतं. जळून काळ्या झालेल्या भागाकडून, म्हणजे शेपटीकडून सुरुवात करायची, दोन्ही बगला दाबत पुढे सरकायचं आणि तोंड अरुंद करत न्यायचं. चढाचा हिशेब पाठ करून घ्या: उतार १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, २० अंशांना चौपट. खाली आग आणि वर माणूस अशी अवस्था कधीच येऊ देऊ नका, अरुंद घळीत तर मुळीच नाही. दिवसा वारा उताराने वर चढतो, सूर्य बुडाल्यावर खाली वाहू लागतो. संध्याकाळच्या या पालटात शांत वाटणारी बगल अचानक तोंड बनते. पहाटे हवेत ओल असते आणि ज्वाळा बसतात, तेव्हा सर्वांत जास्त काम होतं, पण सुटून गडगडणारे दगड आणि साप यांची जाणीव ठेवून.

हे वर्गात कळत नाही. जानेवारीत वन विभाग जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, जाळतो, तेव्हा परिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या परवानगीने तुकडी तिथे उभी करा. सागाचं वाळलेलं एक पान हातात घ्यायला सांगा. सुपाएवढं पान कडेने आत वळून नळी होतं, पेट घेतं आणि उतारावरून घरंगळत रेषेच्या पलीकडे जाऊन थांबतं. तिथे आधीच पाचोळा असतो. रेषा उत्तम कापलेली असूनही आग ओलांडली की बऱ्याचदा कारण हेच असतं. म्हणून उतारावरच्या रेषेच्या खालच्या कडेला पान अडेल असा छोटा चर काढतात. हाताने रेषा काढताना रुंदी जळणाच्या उंचीच्या किमान दीडपट ठेवा, म्हणजे कमरेएवढ्या कुसळी गवताला दीड मीटर, आणि माती दिसेपर्यंत खरवडा. पाचोळा आगीच्या बाजूला टाकू नका, विरुद्ध बाजूला पसरा.

पाठीवरच्या ब्लोअरला, म्हणजे हवेच्या झोताने पाचोळा उडवणाऱ्या यंत्राला, माणसं तिघं लागतात: एक यंत्रावर, एक मागून दाताळ्याने उरलेलं सारणारा, एक इंधन व पाणी घेऊन. दर २०-२५ मिनिटांनी यंत्र दुसऱ्याच्या पाठीवर द्या. बहुतेक यंत्रांना पेट्रोल आणि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) तेलाचं प्रमाण ५०:१ असतं, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. तरी यंत्राचं पुस्तक पाहूनच मिसळा. तेल विसरलं की इंजिन जाम होतं, आणि ते ऐन आगीतच होतं. यंत्र थंड झाल्याशिवाय टाकी उघडू नका. गुडघ्याच्या वर ज्वाळा असतील तर ब्लोअर वापरू नका, ठिणग्या पलीकडे उडतात. डहाळ्याने झोडपतानाही हात उंच नेऊ नका. डहाळी दाबून काळ्या भागाकडे ओढायची.

कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे. जुना कॉम्बॅट ड्रेस बहुतेकांना जवळचा असतो, पण पॉलिस्टरमिश्रित कापड वितळून कातडीला चिकटतं, तो घरी राहू द्या. बूट चामड्याचे, कॅनव्हासचे नकोत. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो. माणशी तासाला किमान १ लिटर पाणी आणि सोबत ओआरएस हवं. कोणी बोलताना अडखळू लागला किंवा घाम थांबला तर लगेच सावलीत नेऊन अंग भिजवा, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा.

कामाला हात लावण्याआधी तुकडीप्रमुखाने मोठ्याने सांगायचं: पाळतीवर कोण, बोलणं कोणत्या चॅनलवर, सुटकेच्या दोन वाटा कोणत्या, सुरक्षित जागा कुठली. यातलं एक जरी उत्तर नसेल तर कुणी पुढे जायचं नाही.

आग बसली की खरं कंटाळवाणं काम सुरू होतं, आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं. काळ्या भागाच्या कडेपासून ३० मीटर आतपर्यंत तळहात नव्हे, हाताची पाठ जवळ नेऊन ऊब तपासा. मोहाच्या पोकळ खोडात, वाळक्या ओंडक्याखाली, शेणाच्या पोवात निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्याने तोच पुन्हा पेटतो.

आता माणसांविषयी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपं पेटवतात. माजी हवालदाराने तिथे दम भरला की पाडा तुकडीविरुद्ध जातो आणि पुढची आग कुणी कळवत नाही. त्याऐवजी झाडाखालचा पाचोळा झाडून ढीग दूर करायला मदत करा, किंवा फुलं झेलायला झाडाखाली जाळी अंथरायला द्या. वनहक्क कायदा २००६ ने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे, म्हणून पहिली बैठक तिच्याशीच घ्या. साक्री तालुक्यातलं बारीपाडा प्रशिक्षणात एक दिवस दाखवा. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, गावाने स्वतःचे नियम करून जंगल राखलं. आणि हेही आधीच स्पष्ट करा की बीटची प्रमुख २५ वर्षांची वनरक्षक मुलगी असू शकते. सुभेदार साहेबांनी तिचा शब्द मानायचा असतो.

हंगामाबाहेरचं काम मातीचं. पाणी अडवायला उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला सलग समतल चर ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल खणला तर एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराच्या, ओळंबा लावलेल्या चौकटीने) समपातळी आखा, दर दहा फुटांनी तपासा. पातळी चुकली तर सगळं पाणी खालच्या टोकाला जमून बांध फोडतं आणि चराची घळ होते. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला, चरापासून थोडी हटवून टाका. फेब्रुवारीआधी चरातला पाचोळा काढा, नाहीतर तोच चर आगीची वात होतो.

रोजगाराबाबत खोटी आशा दाखवू नका. वणव्याचं रोजंदारी काम चार महिन्यांचंच असतं. महाराष्ट्रात गट क व ड पदांमध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, वनरक्षक पद त्यात येतं. प्रादेशिक सेनेच्या इको बटालियन (माजी सैनिकांच्या, झाडं लावून जंगल उभं करणाऱ्या तुकड्या) हा दुसरा मार्ग. पहिली १९८२ मध्ये गढवाल रायफल्सशी जोडून उभी राहिली, १३६ इको महार ही छत्रपती संभाजीनगरला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या (पेन्शनच्या आदेशाच्या) साक्षांकित प्रतींसोबत या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही जोडा, आणि त्यावर किती दिवस कोणत्या परिक्षेत्रात काम केलं ते अधिकाऱ्याच्या सहीने लिहून घ्या.