इमर्जन्सी लाईट आणि एक्झिट साइन: हिरवा ठिपका बघून गाफील राहू नका, या चुका टाळा

आधी आमच्याच ऑफिसच्या बिल्डिंगचा किस्सा सांगतो. संध्याकाळी लाईट गेली, जिन्यातले इमर्जन्सी लाईट टपाटप लागले, सगळे खूश, आणि दोन मजले उतरतोय तोवर एकेक करून विझायला लागले. पाच मिनिटंही धड टिकले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघितलं तर प्रत्येकावर हिरवा ठिपका मस्त चालू. मेंटेनन्सवाला म्हणतो, "सर, ग्रीन आहे ना, मग प्रॉब्लेम काय?"

प्रॉब्लेम हाच. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की सप्लाय येतोय आणि बॅटरीला चार्जिंग मिळतंय. बॅटरीत किती मावतंय हे त्याला कळतच नाही. जुनी बॅटरी म्हणजे गाळ साचलेली टाकी, वरून काठोकाठ दिसते, उपसायला घेतली की दोन बादल्यांत तळ लागतो. टेस्टचं बटण दोन सेकंद दाबून "चालू आहे" असं रजिस्टरमध्ये लिहिणं हाही त्यातलाच प्रकार. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ मध्ये (बिल्डिंगमधल्या आगसुरक्षेचे नियम) दर महिन्याला निदान ३० सेकंद आणि वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटं टेस्ट सांगितलीय, ब्रिटनमध्ये वर्षाची टेस्ट बहुतेक ठिकाणी ३ तासांची असते. तुमच्या फिटिंगवर जेवढा वेळ छापलाय तेवढा वेळ तो सप्लाय तोडून जळला पाहिजे, आणि शेवटच्या मिनिटालाही उजेड पुरेसा पाहिजे, नुसता लाल निखारा नको.

पण ही टेस्ट करतानाही लोक घोळ घालतात. सगळ्या बिल्डिंगचे लाईट एकाच दिवशी, तेही भर गर्दीच्या वेळी रिकामे करायचे, आणि मग बॅटऱ्या परत भरायला २४ तास लागू शकतात हे विसरायचं. त्याच रात्री खरंच लाईट गेली तर? एक सोडून एक फिटिंग घ्या, बाकीचे दुसऱ्या खेपेला, किंवा बिल्डिंग रिकामी असेल तेव्हा उरका. नवीन बॅटरी टाकल्या टाकल्या पण टेस्ट लावू नका, आधी २४ तास चार्ज होऊ द्या, नाहीतर चांगली बॅटरी नापास ठरवून परत पाठवाल.

वायरिंगमधली चूक, जी सगळ्यात जास्त वेळा बघितलीय

वायरमन घाईत असतो, जवळ जी फेज (करंट आणणारी तार) दिसली ती घेतो, आणि ती नेमकी स्विचच्या पुढची असते. मग रात्री वॉचमनने पॅसेजचा स्विच बंद केला की इमर्जन्सी लाईटला वाटतं लाईट गेली, तो रात्रभर जळतो, बॅटरी तळापर्यंत जाते, दिवसा परत भरते, आणि असं रोज. अशी बॅटरी काही महिन्यांतच जाते आणि शिव्या कंपनीला बसतात. फेज कायम स्विचच्या आधीची पाहिजे.

याच्या उलट चूकही होते. कोणीतरी डोकं लावून इमर्जन्सी लाईटसाठी वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी (गडबड झाली की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच) टाकतो. दिसायला लई व्यवस्थित काम. पण पॅसेजच्या लाईटचा एमसीबी ट्रिप झाला तर पॅसेजमध्ये काळोख, आणि इमर्जन्सी लाईट आपला शांत, कारण त्याचा सप्लाय तर चालूच आहे. म्हणून तो त्याच जागेच्या लाईटिंगच्या लाईनवर असावा. चेक करायचं तर टेस्ट बटणावर जाऊ नका, त्या भागाच्या लाईटचा एमसीबी खाली पाडा आणि काय होतं ते बघा.

"आमच्याकडे जनरेटर आहे" हे तर फारच ऐकलंय. जनरेटर सुरू होऊन लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात आणि जिन्यात माणूस पडायला एक पायरी पुरते. शिवाय फक्त एका मजल्याचा एमसीबी गेला असेल तर जनरेटरला त्याचा पत्ताच लागत नाही, मेन सप्लाय आहेच की. युरोपच्या ईएन १८३८ या इमर्जन्सी लाईटिंगच्या मानकाप्रमाणे बाहेर पडायच्या रस्त्यावर ५ सेकंदांत निम्मा आणि ६० सेकंदांत पूर्ण उजेड यायला हवा.

घेताना आणि लावताना

वॅट बघून घेऊ नका, किती उजेड कुठे पडतो ते बघा. त्याच ईएन १८३८ मध्ये बाहेर पडायच्या रस्त्यावर जमिनीवर कमीत कमी १ लक्स (उजेड मोजायचं माप) सांगितलंय. तो तसा फारच थोडा उजेड, त्यामुळे दोन दिव्यांमध्ये अंतर जास्त झालं की मधला पट्टा सरळ काळा. लाईट या जागी हवेतच: प्रत्येक जिन्याचा टप्पा, वळण, जिथे एखादी पायरी चढ-उतार आहे ती जागा, फायर एक्स्टिंग्विशरजवळ, आणि शेवटच्या दाराच्या बाहेर. हे बाहेरचं जवळजवळ सगळेच विसरतात, माणसं दारातून निघून थेट काळोखात उभी राहतात आणि मागचे ढकलतात.

एक्झिट साइन कायम पेटलेली पाहिजे की लाईट गेल्यावरच लागणारी, हेही दुकानात विचारत नाही कोणी. सिनेमा हॉलसारख्या जागी, जिथे मुद्दाम अंधार करतात, तिथे कायम पेटलेलीच हवी. आणि साइज: आतून उजेड असलेली साइन साधारण तिच्या उंचीच्या २०० पट अंतरावरून वाचता येते, बाहेरून उजेड पडणारी १०० पट. म्हणजे १५ सेंटीमीटरची आतून पेटणारी साइन ३० मीटरपर्यंत. लांबलचक पॅसेजला टीचभर साइन लावून उपयोग नाही.

अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या, ज्यांना आपण सर्रास रेडियम म्हणतो (त्यात रेडियम नसतं हो, आजकाल बहुतेक स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं), त्या फुकटात चमकत नाहीत. आधी त्यांच्यावर पुरेसा उजेड पडून त्या भरल्या पाहिजेत. सेन्सरच्या लाईटवाल्या पॅसेजमध्ये दिवसभर अंधारच असेल तर ती पट्टी म्हणजे नुसतं स्टिकर.

ऑफिसचं रिनोव्हेशन झालं की एकदा पाहुण्यासारखं फिरून बघा. धावणाऱ्या हिरव्या माणसाचं चित्र जपानी डिझायनर युकिओ ओता यांनी इतकं सोपं काढलंय की भाषा न येणाऱ्यालाही कळावं, आणि आपण त्याचा बाण नव्या पार्टिशनकडे नाहीतर कुलूपबंद स्टोअररूमकडे वळवून ठेवतो. एकदा तर साइनवर वाढदिवसाच्या पताका बघितल्या, तीन महिने तशाच.

बॅटरी बदलताना

हातात आली ती बॅटरी बसवली, असं करू नका. व्होल्टेज, क्षमता आणि प्रकार, तिन्ही जुळलं पाहिजे. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, तीन मिळून ३.६, आणि ३.६ चं लेबल बघून तिथे लिथियम टाकणारे महाभाग आहेत. त्या चार्जरला लिथियम कळत नाही, आग विझवायच्या साधनांशेजारीच आग लावायचा हा धंदा. लेड ॲसिडला उष्णता अजिबात चालत नाही, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, म्हणून तापलेल्या फॉल्स सीलिंगमध्ये ती कोंबू नका. बसवल्याची तारीख बॅटरीवर मार्करने लिहा. बांधकाम चालू असताना, सप्लाय येतोय-जातोय अशा काळात बॅटरीचा कनेक्टर काढूनच ठेवा, नाहीतर उद्घाटनाआधीच ती मेलेली असते.

काही बिघडलं तर आधी हे बघा. ठिपका बंद असेल तर सप्लाय, फ्यूज, मग बॅटरीचा कनेक्टर नीट बसलाय का, बॅटरी उलटी तर बसवली नाही ना. लागतो आणि लगेच विझतो: बॅटरी. लाईट असतानाही जळत राहतो, आणि तो कायम पेटणारा प्रकार नाही: त्याच्यापर्यंत फेज पोचतच नाहीये, बहुतेक स्विचवाली भानगड. लाल ठिपका मिचकत असेल तर तो सेल्फ-टेस्टवाला, म्हणजे स्वतःची टेस्ट स्वतःच करणारा आहे, किती वेळा मिचकतोय ते मोजून मॅन्युअलमध्ये बघा, टेप लावून झाकू नका. हसू नका, आमच्या तिसऱ्या मजल्यावर अजून ती टेप आहे.