दिवाळीत गावातल्या अडलेल्या घराला मदत कशी करावी

दसरा ते लक्ष्मीपूजन यांच्यामध्ये साधारण वीस दिवस असतात आणि ते या कामाला पुरतात. धनत्रयोदशीला जागे होणाऱ्याच्या हातून पिशव्या वाटण्यापलीकडे काही होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि शेजारच्या दोन पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, मी हे काम बारा दिवाळ्या केले आहे.

आधी स्वतःचे देणे फेडावे. तुमच्या वावरात सोयाबीन सोंगायला किंवा कापूस वेचायला बाया येत असतील, तर त्यांची मजुरी वसुबारसेच्या आत हातात पडली पाहिजे. अडत्याकडून आपला चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आला नाही, ही सबब मजुराला सांगू नये.

काय द्यावे, हा प्रश्न सोपा आहे. गहू-तांदूळ देऊ नयेत. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते, तेही २०२३ पासून मोफत. दिवाळीत अडते ते तेल, बेसन, साखर, रवा, पोहे आणि लेकरांच्या कपड्यांवर. चार-पाच माणसांच्या घराला दोन लिटर तेल, दोन किलो साखर आणि बेसन, रवा, पोहे प्रत्येकी एक किलो पुरतात. जुने कपडे या सणाला देऊच नयेत.

यादी करताना मात्र घाई नको. सरकारी कागदावरून यादी उतरवून घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत मिळण्यासाठी शेती कुटुंबातल्या कोणाच्या तरी नावावर असावी लागते आणि कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. ज्याने दुसऱ्याचे वावर मक्त्याने केले आणि नातेवाइकाकडून हातउसने घेतले, त्याचे घर ‘अपात्र’ ठरते, आणि पात्र घरांच्या यादीत त्या घराचा पत्ताच नसतो. म्हणून मी अंगणवाडी सेविका, आशाताई आणि वेचणीच्या टोळीतली एखादी जाणती बाई, अशा तिघींना वेगवेगळे गाठतो. ‘गरीब कोण आहे’ असे विचारले की प्रत्येक जण आपल्या माणसाचे नाव सांगतो. ‘यंदा कोणाच्या घरी कढई चढणार नाही’ असे विचारावे. तिघींच्या बोलण्यात जी नावे येतात, ती पक्की धरावी.

आता देण्याची गोष्ट. मी इथेच चुकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. पहिल्या वर्षी आम्ही शाळेच्या पटांगणात मंडप टाकला, माईकवरून एकेक नाव पुकारले आणि पिशवी देताना फोटो काढले. बावीस नावांपैकी एक बाई आली नाही. दिवेलागणीला मी पिशवी घेऊन तिच्या घरी गेलो. तिने चहा गाळून कपबशी माझ्यापुढे ठेवली, पण पिशवी उंबऱ्याच्या आत घेतली नाही. ‘‘माह्यं पोरगं त्याच शाळेत शिकते, भाऊ. त्याच्या बापाचं नाव माईकवर घ्याले नोको होतं,’’ एवढेच ती म्हणाली. ती पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून मी परत आणली. तेव्हापासून मंडप, माईक, फलक आणि फोटो आम्ही कायमचे बंद केले. देणगीदाराने पुरावा मागितला तर त्याला किराण्याची पावती द्यावी. तेवढ्यावर ज्याचे समाधान होत नाही, त्याचे पैसे घेऊ नयेत.

त्याऐवजी आपल्या रीतीभातीत जे देणेघेणे आधीपासून आहे, त्याच वाटेने मदत न्यावी. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेला आहे, तिथे पहिल्या दिवाळीला फराळ करीत नाहीत आणि शेजारपाजारचे डबे येतात. अशा घरी कच्चा शिधा नेणे म्हणजे त्यांचे दुःख न कळणे होय. तिथे तयार चिवडा, शेव, लाडू न्यावेत, आणि डबा देऊन लगेच उठू नये, थोडा वेळ बसावे.

बाकीच्या घरांसाठी किराणा दुकानदाराकडे त्या घराच्या नावाने रक्कम जमा करणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण बाई दुकानात इतर गिऱ्हाइकांसारखी उभी राहते आणि तिला हवे ते मागून घेते. यात एक धोका आहे आणि तो मी अनुभवला आहे. एका वर्षी बारा घरांचे प्रत्येकी पाचशे रुपये जमा केले आणि दुकानदाराने त्यातून जुनी उधारी वळती करून घेतली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाच बाया रिकाम्या पिशव्या घेऊन परतल्या. ‘या पैशातून मागचे काही कापायचे नाही’ हे दुकानदाराकडून आधी वदवून घ्यावे, वहीत तसे वेगळे पान घालायला लावावे आणि त्या घरी कोणत्या दुकानात किती जमा आहे ते आपण स्वतः जाऊन सांगावे.

रोख द्यायची असेल तर भाऊबीजेचा दिवस धरावा. ताटात ओवाळणी टाकणाऱ्याला कोणी दाता म्हणत नाही आणि ओवाळणारीला कोणी गरजू म्हणत नाही. मात्र एकदा तिच्या पाटावर बसलात की दरवर्षी जावे लागेल, आणि तिच्या पोरीच्या लग्नालाही उभे राहावे लागेल. ज्याला ते जमणार नाही त्याने दुकानदाराचाच मार्ग धरावा.

कोलाम पोडावर मात्र घरे निवडू नयेत. आधी पोडाच्या नाईकाशी, म्हणजे प्रमुखाशी, बोलावे आणि ते जसे सांगतील तसे, सगळ्या घरांना सारखे द्यावे. परगावाहून वेचणीला आलेली कुटुंबे वावरातच राहतात आणि त्यांचे रेशन कार्ड बहुधा गावीच राहिलेले असते, म्हणून धान्य द्यायचे झाले तर ते फक्त त्यांना द्यावे.

तुळशीच्या लग्नानंतर दुकानदाराकडे जाऊन ते पान तपासावे. एखाद्या घराचे पैसे तसेच पडून असतील तर ती बाई का आली नाही, हे अंगणवाडीताईंना विचारावे. बहुतेक वेळा घरात आजारपण असते. ते पैसे दुसऱ्या घराकडे फिरवू नयेत, तिच्याच नावावर राहू द्यावेत.