आठवणींची बैठक: साल विचारू नका, वस्तू हातात द्या

इंदूरमध्ये आपल्या मंडळात ज्येष्ठांसाठी आठवणींची बैठक घेणार असाल, तर आधी दशक नीट निवडा. साधारण दहा ते तीस या वयातलं माणसाला जास्त ठळक आठवतं, म्हणून आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेल्यांसाठी 1960 चं दशक उत्तम.

‘तेव्हा काय काय घडलं?’ असं विचारू नका. त्याची परीक्षा होते आणि विसरभोळे आजोबा गप्प बसतात. त्यापेक्षा हातात जुनी आणेली (एक आण्याचं नाणं) द्या. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. चवन्नीचे सरळ पंचवीस. पण एका आण्याचे सव्वासहा! तो वरचा पाव पैसा कोण खायचं, दुकानदार की गिऱ्हाईक? एवढं विचारा आणि गप्प बसा. आज्या तावातावाने सांगतील.

मग कापड मिलच्या भोंग्याचा विषय काढा. घरापर्यंत ऐकू यायचा का? अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) कुठल्या ओट्यावरून बघायचात? गाणी लावायची तर बोलणं थांबल्यावर. मागे चालू ठेवलीत तर कमी ऐकू येणाऱ्यांचे हाल होतात.

माणसं सहा-आठच बरी. कुणाचं साल चुकलं तरी दुरुस्त करू नका (नातवंडांना हे आधीच बजावा). 1965 च्या युद्धावरून किंवा गेलेल्या माणसावरून कुणाचे डोळे भरले, तर घाईने विषय बदलू नका. शेजारी बसा, बोलू द्या. चहा-पोहे शेवटी ठेवा. खरे किस्से बहुतेकदा तेव्हाच निघतात.