माकडतापाची पीसीआर करताना या चुका टाळा

नोव्हेंबरपासून मेपर्यंत गोचिडांचा हंगाम. या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातून तापाच्या रुग्णांचं रक्त तपासायला येत राहतं. काजूच्या बागांत कामाला गोव्यात गेलेली माणसंही ताप अंगावर घेऊन गावी परततात. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखलेला, गोचिडांतून पसरणारा हा माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी) आता सिंधुदुर्गापर्यंत पोचलाय. कोविडनंतर पीसीआरची, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश वाढवून शोधायच्या तपासणीची, मशिनं गावोगाव आली, चुका मात्र त्याच आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एनटीसीकडे (नो टेम्प्लेट कंट्रोलकडे) काणाडोळा. या नळीत सॅम्पलऐवजी नुसतं पाणी असतं. तिथं ग्राफचा वक्र वर चढला, म्हणजे पाण्यातही विषाणूचा अंश दिसला, की तो रन (तपासणीची ती अख्खी फेरी) बाद, एकही रिपोर्ट सोडायचा नाही.

एका प्रयोगशाळेनं मला बोलावलं होतं, कारण ‘अख्खं गाव पॉझिटिव्ह येतंय’. सगळ्यांचे सीटी (कितव्या आवर्तनाला वक्र वर चढला तो आकडा) ३५ ते ३८. मी आधी एनटीसी उघडायला लावला. तो ३६ला चढलेला! कामावरचा मुलगा म्हणाला, “सर, ते रोजच येतंय की ओ. आम्ही सोडून देतो.” पाण्यातलं सोडायचं आणि माणसाच्या रक्तातलं धरायचं, हे कुठलं शास्त्र? मास्टर मिक्स (तपासणीच्या रसायनांचं मिश्रण) बनवायच्या खोलीतलं पिपेट कॅलिब्रेशनला गेलं होतं, म्हणून घाईत मशिनच्या खोलीतलं उचलून आणलेलं. त्यात रन संपल्यावर नळ्या उघडून बघायची सवय. वाढवलेल्या डीएनएच्या एका थेंबात कोट्यवधी प्रती असतात, त्या हवेतून सगळीकडे बसतात. उघडलेली सगळी रिएजंट्स फेकली, टेबलं, पिपेट, दाराच्या कड्यासुद्धा ताज्या हायपोक्लोराइटनं पुसल्या, दहा मिनिटं तसंच ठेवून मग पाण्यानं आणि अल्कोहोलनं. नंतर सगळी सॅम्पल्स एक्स्ट्रॅक्शनपासून, म्हणजे रक्तातून विषाणूचा आरएनए वेगळा काढण्यापासून, परत. (एक्स्ट्रॅक्शनच्या लायसिस बफरवर मात्र हायपो कधीच ओतू नका, विषारी वायू निघतो.)

माझा नियम साधा आहे. मशिनच्या खोलीत गेलो की त्या दिवशी मास्टर मिक्सच्या खोलीत परत पाऊल नाही. पेनसुद्धा तिकडचं तिकडेच. ग्राफ बघताना आधी एनटीसी, मग पॉझिटिव्ह कंट्रोल (हमखास पॉझिटिव्ह यायला हवी ती नळी), मग इंटर्नल कंट्रोल (तपासणी नीट चालली हे दाखवणारी, प्रत्येक सॅम्पलमधली खूण), रुग्ण सर्वांत शेवटी. नव्या मुलांना थेट रुग्णांच्या रांगेवर उडी मारायची घाई असते, ती मला अजिबात चालत नाही.

पॉझिटिव्ह कंट्रोल ‘आला’ एवढ्यावर समाधान मानू नका. त्याचा सीटी दर रनला वहीत लिहा. तो हळूहळू वर सरकत असेल तर रिएजंट मरतंय. लाईट वारंवार जाते तिथं आधी फ्रीझर बघा.

इंटर्नल कंट्रोल आला नाही आणि केएफडीही दिसला नाही, तर तो निगेटिव्ह नव्हे. तपासणीच फसलीय. रक्त फुटलेलं (तांबड्या पेशी फुटलेलं) असेल, नाहीतर हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत घेतलेलं असेल. दोन्ही गोष्टी पीसीआर अडवतात.

आरएनए पुन्हापुन्हा वितळवू-गोठवू नका. छोट्या नळ्यांत वाटून ठेवा.

नावावर भरवसा ठेवू नका. एकाच गावातले चार पाटील, फॉर्म मराठीत, लेबल कन्नडमध्ये, यादी इंग्रजीत. नळीवर आणि फॉर्मवर एकच नंबर नसेल तर मी सॅम्पल हातात घेत नाही, पाठवणाऱ्याला तिथूनच फोन लावतो.

आणि ताप कधी आला ती तारीख फॉर्मवर हवीच. पहिल्या चार-पाच दिवसांत पीसीआरवर विषाणू सापडण्याची शक्यता चांगली, पुढं आयजीएम एलायझाही (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) लावावी लागते. दहाव्या दिवशीच्या रक्ताची नुसती पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून ‘माकडताप नाही’ असं लिहून पाठवू नका.