प्रशिक्षण घेताय? निदान या चुका टाळा

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आणि आपण तास मोजत बसलो. मी तालुक्याला सुलभक, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणारा, म्हणून बरीच वर्षं उभा राहतोय. त्याच त्या चुका बघून वीट आलाय. त्यातली सगळ्यात मोठी माझीच.

ती म्हणजे वर्गातलं काहीच समोर न ठेवता प्रशिक्षण देणं. हातच्याच्या वजाबाकीवर मी दोन दिवस घेतले. काड्या, दशकांचे गठ्ठे, पीपीटी, टाळ्या, सगळं झालं. महिन्याभराने एका शाळेत गेलो, तर गठ्ठे कपाटात रबरासकट जसेच्या तसे. "काड्या हरवल्या तर साहित्य नोंदवहीत काय दाखवू, सर?" बाईंचंही खोटं नव्हतं. फळ्यावर ५२ वजा २७, आणि निम्म्या वर्गाचं उत्तर ३५. "हातचा जमतच नाही यांना," बाई म्हणाल्या. एका मुलीला विचारलं, कसं केलंस गं? "सातातून दोन गेले, पाच." तिला हातच्याची गरजच पडली नव्हती! मोठ्यातून लहान वजा करायचा, मग तो वर असो की खाली, हा तिचा नियम. दोन दिवसांत मी मुलांचं एकही चुकलेलं उत्तर दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून माझी अट: येताना चुकलेल्या गणितांच्या तीन वह्या आणायच्या. दुपारपर्यंतचा वेळ त्यांतच जातो. पीपीटी राहिली तर राहू दे.

दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या कोर्सचा व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवायचा आणि चाचणीची उत्तरं ग्रुपवरून उचलायची, ही दुसरी. नवीन लागलेली पोरं तर कोर्स उघडायच्या आधीच विचारतात, "सर, उत्तरं आली का?" अरे बाबा, व्हिडिओ तरी बघ. मी स्वतः एका बैठकीत एकच भाग बघतो आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गात करून पाहतो. कोर्स रेंगाळतो, चालतं.

शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, परिपत्रकं वाचून दाखवू नका. सगळ्यांना वाचता येतं.

बॅनरपुढचा फोटो शेवटी काढा.

आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून पद्धत टाकू नका. त्या बाईंच्या वर्गात गठ्ठा सोडून सुटे करायला मुलांना दिवाळी उजाडली. काड्याही आता कपाटातल्या नाहीत. मुलंच घरून तुराट्यांचे तुकडे आणतात, त्यामुळे नोंदवहीचा प्रश्न मिटला.